कच्च्या टाक्यातला सहा नंबर

भिंगारच्या कोर्टावर बास्केटबॉल खेळलेल्यांत सगळ्यांत मोठा कोण, असं मला आजही कुणी विचारलं तर मी एका दमात सांगते. ऊसतोडीच्या टोळीतला तो. पहिला. दुसरा नाही, पहिल्या तिघांतला नाही, ‘त्याच्या परीनं चांगला’ तर मुळीच नाही. हे मी सतराव्या वर्षी चार मोठ्या माणसांसमोर बोलले, त्याबद्दल बोलणी खाल्ली, आणि आता सत्तरीला टेकले तरी माझं मत तसूभर हललेलं नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल पटवून घेऊ नये.

माझे वडील शिंपी. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. दुकान बाजारपेठेच्या टोकाला, शाळेच्या मैदानाला लागून. लष्करातल्या लोकांचे युनिफॉर्म लहानमोठे करून देणं हा मुख्य धंदा, आणि वर्षातून एकदा गावच्या बास्केटबॉल टीमची बनियनं शिवणं ही हौस. जर्सी हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं. निळ्या पॉपलीनचं बिनबाह्यांचं बनियन, पाठीवर पांढऱ्या साटिनीचा आकडा. आकडे चारपासून पंधरापर्यंत. एक, दोन, तीन का नसतात हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मशीनवर आण्णा बसत. हातकाम माझं: काजं, बटणं, तुरपाई आणि कच्चे टाके.

कच्च्या टाक्यांचं सांगायलाच हवं, कारण सगळं भांडण त्यावरच झालं. आमच्या दुकानाची एक रीत होती. नवा खेळाडू टीममध्ये आला की त्याचा आकडा मशीनवर शिवायचा नाही, हातानं कच्चा टाकायचा. सीझन संपला, म्हणजे पलटणीच्या टीमबरोबरची शेवटची मॅच झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या बाकावर जाणती मंडळी बसत आणि गणती लावत. हा खेळाडू कितवा? आजवरच्या सगळ्यांत कुठे बसतो? पहिल्या आठांत बसतो असं ठरलं तर आण्णा त्याच्या आकड्यावर मशीनची टीप मारत, आणि ते बनियन कायमचं त्याचं होई. घरी नेता येई. नाही ठरलं तर मी टाके उसवायचे, बनियन धुऊन पेटीत ठेवायचं, पुढच्या वर्षी बघू.

बाकावर चौघं असत. त्यांतला मुख्य आवाज निवृत्त सुभेदारकाकांचा. बाकीचे दोघं मान हलवायला. चौथा सोडावॉटरवाला, त्याचं दुकान आमच्या समोरच, तो गिऱ्हाईक आलं की उठून जाई आणि परत येऊन आधीचं सगळं पुन्हा विचारी.

आणि ह्या सगळ्यांच्या वर एक माणूस होता जो तिथं नसायचाच. जुना सहा नंबर. सुभेदारकाकांचा लंगोटीयार. दोघं ह्याच मैदानावर वाढले, दोघं फौजेत गेले, एक परत आला आणि एक पासष्टच्या लढाईत गेला. तो गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला तो नीट आठवतसुद्धा नाही, पण त्याच्या बास्केट मला पाठ होत्या. पाठमोरा टाकायचा. डोळे झाकून टाकायचा. एकदा म्हणे पलटणीच्या तिघांना अंगावर घेऊन टाकली. दर वर्षी त्या तिघांत एकाची भर पडत गेली. मी मोठी होईपर्यंत पलटणीची आख्खी टीम त्याच्या अंगावर होती.

त्याच्यानंतर सहा नंबर कुणाला द्यायचाच नाही असं चाललं होतं. मग एका वर्षी बनियनं कमी पडली आणि पेटीतलं एक कोरं बनियन काढून त्यावर सहा टाकावा लागला. ते ऊसतोडीतल्या त्या पोराच्या वाट्याला आलं, कारण तो सगळ्यांत शेवटी आला होता आणि कुरकुर करणाऱ्यांतला नव्हता.

तो पाथर्डीकडचा. नगरला बोर्डिंगात शिकत होता, तिथं बास्केटबॉल शिकला, मॅट्रिकला गणितात अडकला. पावसाळ्यात भिंगारच्या लाकडाच्या वखारीत कामाला असे. दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला, बेलापूरच्या बाजूला. म्हणजे आमचा सीझन ऐन रंगात असताना हा उसाच्या फडात. मॅचच्या दिवशी पहाटे उठून वाट्याची मोळी बांधून टाकायचा, मग एसटी पकडून नगर, तिथून भिंगार. कोर्टावर यायचा तेव्हा हातावर पाचटाचे ओरखडे ताजे असायचे. दुकानाबाहेरच्या रांजणातलं पाणी घेऊन हात धुवायचा, माझ्याकडून चिंधी मागून घ्यायचा, दोन बोटांना गुंडाळायचा आणि मैदानात उतरायचा.

त्याचा खेळ मी दुकानाच्या मागच्या खिडकीतून पाहिला आहे. खिडकीला लागूनच मी काजं करायला बसायचे. तो फार उंच नव्हता. उड्या मारून दाखवायचा नाही. पण चेंडू त्याच्या हातात आला की बाकीचे चौघं एकदम बरे खेळायला लागायचे. आमचा पाच नंबर, ज्याला एरवी रिंग कुठल्या दिशेला आहे हे सांगावं लागे, तोसुद्धा ह्याच्या शेजारी खेळताना बास्केट टाकून यायचा. चेंडू नेमका हातात येऊन पडायचा, टाकण्याशिवाय करण्यासारखं काही उरायचंच नाही. ही मोठेपणाची खूण नाही तर कशाची?

पहिल्या वर्षी बाकावर ठरलं, ‘अर्धाच सीझन खेळतो. पाहुण्याला गणतीत कसं धरायचं?’ मी टाके उसवले.

दुसरं वर्ष दुष्काळाचं. ऊसच नव्हता, तर तोड कसली. त्याच्या घरची सगळी पाथर्डीकडे खडी फोडायच्या कामावर होती. तो तीनच मॅचना आला, आणि अंगात बनियन हँगरला लावल्यासारखं लोंबत होतं. तिन्ही मॅच त्यानं काढून दिल्या. बाकावर ठरलं, ‘तीन मॅचवर काय ठरवायचं?’ मी पुन्हा ब्लेड घेतलं.

त्या वेळी तो समोरच उभा होता. एरवी आमचं बोलणं चिंधीपुरतं. मी बनियन उलटं केलं, आतून गाठ शोधली, दोरा कापला. तो टक लावून बघत होता.

“उलटं कशाला करता?” त्यानं विचारलं.

“वरून काही कळत नाही. शिलाई बघायची तर आतून बघायची.”

त्यानं कापलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, “आय म्हणती, दिसभर कोयता चालवायचा आन् वरनं एवढं लांब जाऊन टोपलीत चेंडू टाकायचा, कुनी सांगितलंय. बापाला वाटतं, मी नगरला शिनीमा बघायला जातो. एकदा हे बनियन घरी नेता आलं आसतं तर दावलं आसतं.”

साटिनीचा सहा माझ्या हातात सुटून आला होता. मला त्या क्षणी बाकावरच्या चौघांचा इतका राग आला की मी तो आकडा चुरगळून पेटीत फेकला. आण्णांनी तो बाहेर काढला, इस्त्री केला आणि नीट घडी घालून ठेवला. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचाही मला राग आला.

तिसऱ्या वर्षी तो प्रत्येक मॅचला आला. कसा आला त्याचं त्याला ठाऊक. एकदा उसाच्या ट्रकवर बसून आला, एकदा दूधवाल्याच्या टेम्पोतून. मोसमाच्या सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलं होतं, हे शेवटचं. पुढच्या वर्षी बापाचं कोयत्याचं काम त्याच्याकडे येणार होतं, लग्न ठरत होतं, नवराबायकोची जोडी टोळीत लागणार होती. जोडी लागली की मधेच उठून एसटी पकडता येत नाही.

शेवटची मॅच पलटणीशी. मैदान फुल. मी काजं बाजूला ठेवून उघड उघड खिडकीत उभी. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे, चेंडू सहा नंबरच्या हातात. पलटणीचे दोघं त्याच्या अंगावर आले, दोघंही त्याच्यापेक्षा हातभर उंच. रिंगखाली आमचा पाच नंबर एकटा मोकळा. ह्यानं त्याला पास दिला, अगदी हातात दिला. पाच नंबरनं चेंडू बोर्डाच्या कडेला मारला. शिट्टी वाजली आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक भरला. सहा नंबरचं बनियन माझ्यासमोर टेबलावर, धुऊन वाळवलेलं, आकडा अजून कच्च्या टाक्यात. मॅचनंतर तो रात्रीपुरता वखारीत उतरला होता, तिथं सामान बांधत होता; दुपारच्या एसटीनं जाणार होता.

सुभेदारकाकांनी सुरुवात केली. “पोरगं चांगलं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर टायमाला कच खाल्ली. बॉल सोताच्या हातात आसताना दुसऱ्याला देतो व्हय कुनी? जुना सहा नंबर आसता तर दोगांच्या डोक्यावरनं टाकली आसती.”

दोघांनी माना हलवल्या.

“म्हंजी गनतीत कुठं?” सोडावॉटरवाल्यानं विचारलं.

“धाव्वा. लई झालं तर नववा.”

“मग टाके काढू?” आण्णांनी विचारलं.

ते ऐकलं आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले. “पास बरोबर होता.”

चौघांनी वळून बघितलं. शिंप्याची पोरगी काजं करता करता बोलते हे बाकाच्या रीतीत बसत नव्हतं.

“दोघं अंगावर होते, एक मोकळा होता,” मी म्हटलं. “मोकळ्याला चेंडू द्यायचा हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. त्याला नाही टाकता आली ह्यात ह्याचा काय दोष? तीन वर्षं जिंकलो तेव्हा टीम जिंकली आणि एकदा हरलो तर हा एकटा हरला?”

“तुला काय त्याचा येवढा पुळका?” दोघांपैकी एक हसत म्हणाला. त्या हसण्यात जे होतं ते सगळ्यांना कळलं. आण्णांची मान खाली गेली.

घाबरून गप्प बसायची ती वेळ होती. मी नाही बसले. “पुळका नाही,” मी म्हटलं. “मी सगळ्या मॅच बघितल्यात. तुम्ही अर्ध्या वेळ तमाखू मळत असता. काका, तुमच्या सहा नंबरची एक तरी चुकलेली बास्केट सांगा. माणूस होता ना? एक तरी चुकली असेल? मेलेल्या म्हशीला मणभर दूध.”

म्हण तोंडातून गेली आणि कुणाबद्दल गेली हे मग कळलं. लढाईत गेलेल्या माणसाबद्दल. सुभेदारकाका उठले, काठी घेतली आणि निघून गेले. आण्णा म्हणाले, “घरात जा.” आयुष्यात ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते. मला लाज वाटत होती, त्या म्हणीची. बाकीच्या एकाही शब्दाची नाही. म्हणून मी गेले नाही.

पंधरा मिनिटांत काका परत आले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्यांनी ते माझ्यासमोर सोडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत निळं बनियन होतं, विटून राखाडी झालेलं, पाठीवर साटिनीचा सहा. “त्याच्या आयेनं मला दिल्यालं हाय हे,” ते म्हणाले. “नऊ वर्सं ट्रंकंत ठिवलंय. हात लावून बघ. कुनाबद्दल बोलली ते बघ एकदा.”

मी हात लावला. आणि माझ्या हातांना जी सवय होती ते त्यांनी केलं. बनियन उलटं केलं.

आतून लांब लांब टाके होते. हातचे. एका रांगेतही नाहीत. कोपऱ्यात आण्णांची दुहेरी गाठ, जी त्यांनीच मला शिकवली होती आणि जी मी दर वर्षी कापत होते. मशीनची टीप कुठेच नव्हती.

मी आण्णांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“काका,” मी म्हटलं, “हासुद्धा कच्चाच आहे.”

त्यांना कळलं नाही. मी टाक्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बनियन उजेडात धरलं, मग माझ्या टेबलावरचं दुसरं उलटं करून त्याच्या शेजारी धरलं. दोन्हीकडे सारखेच टाके होते.

“शिंपीबुवा,” ते म्हणाले, “हे काय हाय?”

आण्णांनी सांगितलं. काका त्या वर्षी पलटणीबरोबर दूर कुठेतरी होते. त्याचा शेवटचा सीझन संपला, बाक बसला, आणि ठरलं नाही. बनियन परत ठेवायचं होतं. तो दुसऱ्या दिवशी भरतीला निघाला होता, दुकानापाशी येऊन उभा राहिला, आणि आण्णांनी गुपचूप त्याच्या पिशवीत घातलं. रीत मोडली ती एकदाच. “तुम्हाला सांगून काय मिळवायचं होतं,” आण्णा म्हणाले.

“ठरलं न्हाई म्हंजी? कुनी ठरवलं न्हाई?”

सोडावॉटरवाला खाकरला. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे उठून जाता येईना. “आमीच हुतो की,” तो म्हणाला. “म्हनलो हुतो, आजून एक सीझन बघू. त्यो कुनाला पासच देत न्हवता.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी आवरलं नाही. एकाला पास देत नाही म्हणून खाली ठेवला, दुसऱ्याला पास दिला म्हणून. एक मेला तेव्हा आपोआप पक्का झाला. दुसरा जिवंत होता आणि त्याची एसटी दुपारची होती.

“मी टीप मारणार आहे,” मी म्हटलं. “ह्याच्यावर. कुणी हो म्हणा नाहीतर नाही.”

मशीनवर बसायची मला परवानगी नव्हती. बाजारपेठेत, रस्त्याकडे तोंड करून, मुलीनं मशीनवर बसायचं नाही. मी बनियन घेऊन तिथं जाऊन उभी राहिले. आण्णा बसलेले होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्टुलावरून उठले आणि बाजूला झाले. एवढंच केलं त्यांनी, आणि त्या एका उठण्यासाठी मी त्यांना आधीच्या तिन्ही वर्षांचं गप्प राहणं माफ केलं.

मी आकड्याच्या कडेनं टीप मारली. मग तिच्या आतून दुसरी. टीप जरा वाकडी गेली, सहाच्या पोटापाशी तर चांगलीच.

संपल्यावर मी काकांना म्हटलं, “द्या, त्याच्यावरही मारते. म्हशीचं बोलले ते चुकलं माझं.”

त्यांनी जुनं बनियन पुन्हा फडक्यात बांधलं. “न्हाई,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे तसंच. कच्चा आसला तरी माझा पैला त्योच हाय.”

“आणि आमचा पहिला हा.”

“तुझा आसंल,” ते म्हणाले आणि काठी टेकत गेले. ते वारेपर्यंत आमचं ह्यावर कधी एकमत झालं नाही. दर सीझनला एकदा तरी भांडायचो. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी कुणाचा आकडा उसवायला सांगितला नाही.

स्टँडवर मी स्वतः गेले. बाजारपेठेतून एकटी, बनियन हातात धरून, पिशवीत न घालता. ज्यांना हसायचं होतं त्यांनी हसून घ्यावं. तो खिडकीपाशी बसला होता, मांडीवर वळकटी. मी खालून बनियन वर केलं. त्यानं ते घेतलं, पाठीवरचा सहा बघितला, आणि मग ते उलटं केलं. आतून बघायचं असतं हे त्याला आता ठाऊक होतं. त्यानं दोन्ही टिपांवरून बोट फिरवलं, वाकड्या ठिकाणी जरा थांबला.

“आता निघायचा न्हाई ना ह्यो?” त्यानं विचारलं.

“कापड फाटेल,” मी म्हटलं. “आकडा निघायचा नाही.”